बम्प्सचा आठवडा: पहिल्यांदा सुकाणू धरणाऱ्या कॉक्ससाठी

केंब्रिजला पहिल्या सत्रात कॉलेजचे बोट क्लब नवी मुलं शोधत फिरतात, आणि हलक्या वजनाच्या, खणखणीत आवाजाच्या आपल्या मुलामुलींना फार लवकर कॉक्सच्या जागेवर बसवलं जातं. मलाही तसंच बसवलं. कॉलेजच्या महिलांच्या दुसऱ्या बोटीचं सुकाणू मी धरलं, पुढे काठावरून सायकलने सोबत करणाऱ्यांत गेले. तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, बम्प्स जवळ आलेत, मी नेमकं काय करायचं?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

आधी शर्यत समजून घ्या. कॅम नदी अरुंद आहे आणि वळणांची आहे. आठ वल्ह्यांच्या दोन बोटींनी तिथे शेजारी-शेजारी शर्यत लावणं जमत नाही. म्हणून १८२७ पासून इथे बोटी एकामागोमाग एक उभ्या करतात. दोन बोटींमध्ये साधारण दीड बोटीची मोकळी जागा, म्हणजे ९० फूट. तोफ उडाली की सगळ्या एकदम निघतात, प्रवाहाच्या उलट, गावाच्या दिशेने. मागच्या बोटीने पुढचीला गाठून स्पर्श केला की झाला बम्प. दोन्ही बोटी बाजूला होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागांची अदलाबदल होते. जिने कुणाला गाठलं नाही आणि जिला कुणी गाठलं नाही, ती शेवटपर्यंत वल्हवत जाते. तो रो-ओव्हर, जागा तीच. प्रत्येक बोटीच्या वाट्याला अशा चार शर्यती येतात.

हे वर्षातून दोनदा होतं. लेंट बम्प्स फेब्रुवारीच्या अखेरीला किंवा मार्चच्या सुरुवातीला, कडाक्याच्या थंडीत. मे बम्प्स नावाला मे, पण होतात जूनमध्ये, परीक्षा आटोपल्यावर, बुधवार ते शनिवार. शनिवारी तुम्ही ज्या जागेवर संपता तिथूनच पुढच्या वर्षी तुमच्या क्लबची ती बोट निघते. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये मे बम्प्स झालेच नाहीत, तेव्हा २०२२ च्या मुलांनी २०१९ च्या मुलांनी मिळवलेल्या जागेवरून सुरुवात केली. म्हणजे ज्यांना तुम्ही कधी भेटला नाहीत अशा माणसांनी कमावलेली जागा तुमच्या हातात येते. मला या शर्यतीतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आता मुद्द्याची गोष्ट. बोटीत वल्हवणारे आठही जण पाठीमागे तोंड करून बसतात. पुढची बोट त्यांना दिसत नाही, पण पाठलाग करणारी स्वच्छ दिसते. तुमचं अगदी उलट. तुम्हाला पुढचं सगळं दिसतं आणि मागचं काहीच नाही. बोटीची नजर अशी दोन भागांत वाटलेली असते, आणि बम्प्समधल्या बऱ्याच चुका यातूनच होतात. मागची बोट जवळ येताना बघून आठ जण घाबरतात, वल्ही आखडती घेतात, ताल सुटतो. इकडे पुढची बोट जवळ दिसली की कॉक्स हरखून ओरडायला लागतो आणि सुकाणू हलवतो. पुढचं सांगण्यासारखं बहुतेक सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: त्यांची नजर बोटीच्या आत ठेवायची, आणि स्वतःला दिसतं ते त्यांना खरं सांगायचं.

आठवड्याआधी

नदी सायकलवरून बघा. बोटीतून तुम्ही ती रोज बघता, पण पाण्याच्या पातळीवरून वळणाचा आकार कळत नाही. बेट्स बाइट लॉकपासून सुरुवात करा. सुरुवातीच्या भागातच ए-१४ महामार्गाचा पूल नदीवरून जातो. मग फर्स्ट पोस्ट कॉर्नर, मग ग्रासी कॉर्नर, मग प्लाऊ नावाच्या पबच्या बागेसमोरचा तुकडा, मग डिटन कॉर्नर, आणि तिथून रेल्वेच्या पुलाकडे जाणारी लांबलचक सरळ धाव, तिला सगळे लाँग रीच म्हणतात. प्रत्येक वळणाआधी काठावर एक न हलणारी खूण निवडा: झाड, कुंपणाचा खांब, पायऱ्या. नांगरलेली हाउसबोट खूण म्हणून धरू नका, आठवड्याभरात ती जागा बदलू शकते. ही खूण आली की सुकाणूला हात, ती आली की हात सरळ, असं ठरवून ठेवा आणि सरावात तसंच वागा.

सुरुवातीचा क्रम मिळाला की तुमच्या पुढच्या तीन आणि मागच्या तीन बोटी पाठ करा. त्यांचे रंग, वल्ह्यांच्या पात्यांवरची चिन्हं, जमलं तर त्यांची सुरुवात जोरदार असते की त्या उशिरा वेग घेतात, हेसुद्धा. तीनच का? तुमच्या पुढच्या दोन बोटी एकमेकींना धडकून बाजूला झाल्या, तर समोर मोकळं पाणी उरतं आणि मग तुमचं लक्ष्य असते त्यांच्याही पुढची, म्हणजे मूळ क्रमातली तिसरी. ती गाठली तर ओव्हरबम्प, एका दिवसात तीन जागा वर. हे क्वचित घडतं. पण घडायची वेळ येते तेव्हा ज्या कॉक्सला समोरची ती लांबची बोट कुणाची हे माहीत असतं, त्याचे आठ जण वल्हवत राहतात. ज्याला माहीत नसतं त्याचे ढिले पडतात, कारण कशासाठी दमायचं हेच त्यांना कुणी सांगत नाही.

एका डिव्हिजनमध्ये, म्हणजे एकत्र धावणाऱ्या गटात, १७ बोटी असतात आणि सगळ्यात खालची डिव्हिजन आधी धावते. तुमची बोट आपल्या डिव्हिजनच्या डोक्यावर असेल किंवा शर्यतीत तिथे पोचली, तर त्याच दिवशी वरच्या डिव्हिजनच्या शेपटाला अठरावी म्हणून पुन्हा धावावं लागतं. ही सँडविच बोट. अशी शक्यता असेल तर दुसऱ्या शर्यतीसाठी पाणी, केळी आणि कोरडे कपडे घेऊन काठावर कोण थांबणार, हे आदल्या दिवशीच ठरवा.

काठावरच्या मंडळींशी, म्हणजे बँक पार्टीशी, शिट्ट्या नक्की करा. सर्वसाधारण रीत अशी: पुढची बोट एका बोटीच्या लांबीवर आली की एक शिट्टी, अर्ध्या लांबीवर दोन, पाव लांबीवर तीन, आणि तुमचं टोक तिच्या शेपटाच्या पुढे सरकलं की सलग. पण तुमच्या क्लबात काय चालतं ते विचारून घ्या, गृहीत धरू नका. आणि आणखी एक, हे कुणी सांगत नाही: तुमच्या मागच्या बोटीच्या शिट्ट्यासुद्धा तुम्हाला ऐकू येणार आहेत. त्यांच्या तीन शिट्ट्या म्हणजे तुम्ही संकटात, तुमच्या तीन म्हणजे तुम्ही जिंकायच्या बेतात. आवाजातला फरक ओळखता यायला हवा, म्हणून सरावाला तीच शिट्टी, तोच माणूस, तोच काठ ठेवा.

नदीवर जाताना

बोटहाऊसपासून सुरुवातीच्या जागेपर्यंत वल्हवत जायला वेळ लागतो, आणि सगळी डिव्हिजन एकाच वेळी त्याच अरुंद पाण्यातून खाली जात असते. हा वेळ सरावाचा नाही. एक-दोन सुरुवाती करून बघा, बाकी सगळं संथ. या प्रवासात मी फार बोलत नसे. आठ जणांच्या पोटात गोळा आलेला असतो, आणि कॉक्सची बडबड तो वाढवते. मार्शल सांगेल तिथे थांबायचं, सांगेल तेव्हा बोट वळवायची. मार्शलशी वाद घालायचा नाही. त्याचं काही चुकलं असं वाटलं तरी त्या क्षणी ऐका, संध्याकाळी कॅप्टन बोलेल. दंड बसला तर तो क्लबला बसतो.

लेंट्समध्ये थांबण्याचा वेळच माणसाला मारतो. वल्हवणारे निदान हलत असतात, कॉक्स गारठून जातो. लोकरीचे मोजे दोन जोड, वर पाणी न शिरणारं जाकीट, आणि लाइफ जॅकेट. हातमोजे असे घ्या की सुकाणूची दोरी बोटांना जाणवेल. माइकची पेटी रात्री चार्जिंगला लावा, आणि तरीही पेटी बंद पडली तर केवळ गळ्याने बोटीच्या नाकाकडच्या जागांपर्यंत काय पोचवायचं, हे स्ट्रोकशी, म्हणजे तुमच्या समोर बसून ताल ठरवणाऱ्या वल्हवणाऱ्याशी, आधी बोलून ठेवा.

तोफेआधीची चार मिनिटं

माझ्या मते कॉक्सचा निम्मा आठवडा या चार मिनिटांत ठरतो.

पहिली तोफ चार मिनिटं उरलेली असताना उडते. तोवर बोट आपल्या जागेवर काठाला लागलेली असते. आठ जण वरचे कपडे काढून काठावरच्या माणसाकडे देतात. प्रत्येकाने आपलं वल्हं अडकवलेलं गेट घट्ट आहे का ते हाताने तपासायचं, आणि तुम्ही एकेकाचा नंबर घेऊन विचारायचं. बो पासून, म्हणजे नाकाजवळच्या पहिल्या जागेपासून, स्ट्रोकपर्यंत आठ उत्तरं यायला हवीत. सातच आली तर थांबा, आठवं मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरी तोफ एक मिनिट उरलं की. तुमच्या हातात काठाला बांधलेल्या साखळीचं टोक दिलेलं असतं. काठावरचा माणूस लांब काठीने बोट प्रवाहात ढकलतो. इथून पुढे तुम्ही तीन गोष्टी सांभाळता: बोटीचं नाक कुठे बघतंय, साखळी किती ताणली आहे, आणि काठावरून ओरडून मोजले जाणारे सेकंद.

नाक सगळ्यात महत्त्वाचं. वारा नाकाला ढकलतो आणि ६० फुटांची बोट दहा सेकंदांत भलतीकडे बघायला लागते. बो किंवा दोन नंबरला हलकेच एक-एक हात मारायला सांगा. अख्ख्या बोटीला हलायला लावू नका. साखळी लवकर ताणलीत तर ती शेपूट काठाकडे ओढते आणि नाक नदीच्या मध्याकडे फिरतं. ढिली राहिली तर तुम्ही फुकट चार-पाच फूट गमावता. शेवटच्या दहा सेकंदांत ती जेमतेम ताणली जावी, असं बसवायचं. हे पहिल्या सरावाला जमत नाही, म्हणून काठावर नुसती दोरी बांधून आठवडाभर आधी सराव करा, वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम करा.

साखळी मनगटाला कधीच गुंडाळायची नाही. मुठीत धरायची, आणि तोफेसरशी सोडायची, बोटीपासून दूर, पाण्यात. ती वल्ह्यात किंवा सुकाणूत अडकली तर शर्यत तिथेच संपते.

उरलेल्या वीस सेकंदांत बोला, पण कमी. मी एकच वाक्य बोलत असे आणि चारही दिवस तेच: "पहिले चार हात माझे, मग तुमचे." आठ जण त्या आवाजाला सवयीने शांत होतात. नवं, स्फूर्तीचं काही त्या वेळी सुचलं तरी मनात ठेवा.

तोफ

धूर आधी दिसतो, आवाज नंतर येतो, असं लांबच्या जागेवर होतं. धूर बघून निघायचं नाही, आवाजावर निघायचं. पहिले हात आखूड असतात, कारण बोट थांबलेली आहे आणि लांब हाताने ती उचलली जात नाही: पाऊण, अर्धा, पाऊण, पूर्ण, आणि मग दहा-पंधरा जलद हात. मिनिटाला चाळीसच्या वर रेट जातो. इथपर्यंत सगळ्यांनाच येतं. चुकतं ते पुढे. रेट खाली आणून लांब, ताकदीच्या लयीत बसायचं असतं, चौतीस-छत्तीसवर किंवा तुमच्या बोटीला जे पेलतं त्यावर. घाबरलेली बोट खाली येतच नाही. ती चाळीसवर पाणी हापसत राहते, आणि ग्रासीला पोचेपर्यंत रिकामी होते.

म्हणून लयीत बसण्याचा आदेश हा तुमचा पहिला खरा आदेश. आवाज त्या क्षणी खाली आणा. ओरडत "शांत व्हा" म्हटलं तर कुणी शांत होत नाही.

मध्ये काय बोलायचं

पुढची बोट किती लांब आहे ते शिट्ट्या सांगतात, तुमचे डोळे दुजोरा देतात. तुम्हाला तिच्या कॉक्सची पाठ दिसते आणि तिच्या वल्ह्यांनी पाण्यात सोडलेले भोवरे दिसतात. भोवरे तुमच्या नाकाजवळ आले की तुम्ही खरोखर जवळ आलात. अंतर कमी झालं तर सांगा, तेवढंच राहिलं तर तेवढंच सांगा, वाढलं तर काहीच न सांगता लय सुधारा. खोटं मात्र एकदाही नको. "जवळ आलो, जवळ आलो" असं पाच वेळा ऐकून काही झालं नाही, की सहाव्यांदा तुम्ही खरं सांगाल तेव्हा कुणी अंगातलं शेवटचं काढून देणार नाही. आठ आंधळ्या माणसांना तुमच्या शब्दाखेरीज काही नाही. तो शब्द जपून वापरा.

मागचं कसं कळेल? स्ट्रोकच्या चेहऱ्यावरून. तो किंवा ती तुमच्या समोर, हाताच्या अंतरावर बसते आणि तुमच्या खांद्यावरून तिला मागची बोट दिसते. तिचे डोळे तुमच्यावर असतील तर ठीक. ते सारखे तुमच्या कानाच्या बाजूने मागे जायला लागले, की मागची बोट येतेय आणि तुमच्या बोटीची लय सुटायला आली आहे. लगेच तिचं नाव घ्या. नुसतं नाव. डोळे परत येतात. मग बाकीच्यांना "नजर आत".

दहा जोरदार हातांचा हल्ला कधी करायचा? अर्ध्या लांबीच्या शिट्टीवर, असं बहुतेक जण सांगतात. मी म्हणेन, वळणातून बाहेर पडताना. वळणात प्रत्येक बोट वेग गमावते, आणि जी आधी सरळ होऊन जोर लावते ती तेवढ्यात अर्धी लांबी खाऊ शकते.

वळणं

भरलेली बैलगाडी वळणावर पोचल्यावर वळवता येत नाही, आधीच दिशा द्यावी लागते. आठ वल्ह्यांच्या बोटीचंही तसंच आहे. सुकाणू दाबल्यावर नाक हलायला वेळ जातो, म्हणून खूण आली की थोडंसं, सलग, आणि धरून ठेवायचं. झटके द्याल तर बोट एका बाजूला कलते, एका बाजूच्या चौघांची वल्ही पाण्यात रुततात आणि दुसऱ्या चौघांची हवेत जातात. सुकाणू म्हणजे ब्रेकसुद्धा असतो हे विसरू नका. शक्य तिथे माणसांकडून वळवा: वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चौघांना जास्त जोर मागा, मग सुकाणू कमी लागतं.

ग्रासीला सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समोर एखादी जोडी बम्प होऊन अडकलेली असू शकते, तेव्हा तुमची ठरवलेली रेषा मोडावी लागते. पुढच्या बोटीच्या शेपटाकडे नाक धरून वळू नका. ती जिकडे जाते तिकडे तुम्हीही ओढले जाता, आणि ती बाहेर वाहवत गेली तर तुम्हीही. स्वतःची रेषा धरा. ती बाहेर गेली की आतली जागा तुमची, आणि बम्प तिथेच होतो.

डिटन कॉर्नरला गर्दी असते. शनिवारी तर काठ भरून जातो, संगीत, आरडाओरडा, आणि तुमच्या कॉलेजची माणसं तुमच्या नावाने ओरडतात. माइक असला तरी आठांपैकी निम्म्यांना तुमचं ऐकू येत नाही. म्हणून डिटनला काय करायचं हे डिटनच्या आधी सांगून ठेवायचं: "आता आवाज वाढेल, माझं ऐकू नाही आलं तर स्ट्रोकमागे जा." लाँग रीचवर आलात म्हणजे पाय जळायला लागलेले असतात, समोर फक्त सरळ पाणी, आणि वारा बहुधा इथेच जाणवतो. इथे मी हात मोजत असे, वीस-वीसच्या तुकड्यांत. रेल्वेचा पूल दिसतो, पण तो दिसल्यावरही बराच लांब असतो. तो दिसल्याचं कुणालाही सांगू नका.

बम्प झाल्यावर

हा भाग नीट वाचा. १८८८ च्या लेंट बम्प्समध्ये मागून आलेल्या बोटीचं टोक क्लेअर कॉलेजच्या एका वल्हवणाऱ्याच्या शरीरात घुसलं आणि तो गेला. बोटीच्या नाकावर आज जो रबरी चेंडू बसवलेला असतो, तो त्या मृत्यूनंतर आला. रोज बोट पाण्यात सोडण्याआधी तो घट्ट आहे का, हे तुम्ही स्वतः हात लावून बघायचं. दुसऱ्यावर सोपवायचं नाही.

तुम्हाला कुणी गाठलं, त्यांच्या बोटीचा कुठलाही भाग तुमच्या बोटीला किंवा वल्ह्याला लागला, की ताबडतोब हात वर. उंच, सरळ, मागच्या कॉक्सला दिसेल असा. स्पर्श किरकोळ होता, त्यांच्या वल्ह्याची नुसती किनार लागली, असा हिशोब करू नका. जोवर तुम्ही हात वर करत नाही तोवर मागची बोट तुमच्यावर येतच राहते, आणि तिच्या नाकासमोर तुमच्या माणसाचं अंग असू शकतं किंवा तुमचीच पाठ. हात वर करायला एक सेकंद उशीर करणाऱ्या कॉक्सला मी शूर मानत नाही.

तुम्ही गाठलंत तर सलग शिट्टी चालू झाल्यावर वल्हवत राहा आणि पुढच्या कॉक्सचा हात बघा. तो वर गेला की त्याच श्वासात "होल्ड इट अप". पूर्ण थांबणं, पाती उभी पाण्यात. आनंद नंतर. मग लगेच दोन्ही बोटी काठाला, मागच्यांना वाट मोकळी करून. मागून येणाऱ्या बोटी पूर्ण वेगात असतात, आणि त्यांचे आठ जण तुम्हाला बघू शकत नाहीत. काठाकडच्या बाजूची वल्ही आत ओढून घ्या, नाहीतर ती काठावर आपटून मोडतात. अधिकाऱ्यांनी शर्यत थांबवली आणि भोंगा वाजला, तर तुम्ही कितीही जवळ असलात तरी थांबा.

मे बम्प्समध्ये बम्प केलेली बोट काठावरच्या विलोच्या डहाळ्या केसांत, कानामागे खोचून घरी परतते. थांबला आहात तोवर तोडून घ्या, पण काठाकाठाने, रहदारी बघून.

दुसरा दिवस

रोज संध्याकाळी नवा क्रम बघा. आज ज्यांनी तुम्हाला गाठलं तेच उद्या तुमच्या पुढे असतील. आज ज्यांना तुम्ही गाठलंत ते उद्या मागे, चिडलेले. पण त्यांच्या पलीकडे कोण आहे ते इतर बोटींच्या निकालांवर ठरतं. आठ जणांना त्या रात्री फक्त इतकंच सांगा की पुढे कोण, मागे कोण, आणि उद्या आपण काय वेगळं करणार. एकच गोष्ट वेगळी. तीन सांगितल्यात तर एकही होणार नाही.

बम्प झालेल्या दिवशी बोटहाऊसवर परत येताना कुणीतरी रडतं. कुणीतरी दुसऱ्याच्या वल्ह्याकडे बोट दाखवतं. ते तिथेच थांबवा, बोट रॅकवर जायच्या आत. चारही दिवस गाठले जाणाऱ्या बोटीला 'स्पून्स' मिळाले म्हणतात, आणि ज्यांना ते मिळतात ती सहसा वाईट बोट नसते, आदल्या वर्षी तगड्या मुलांनी वर नेऊन ठेवलेल्या जागेवर बसलेली असते. हे त्यांना सांगा, कारण ते खरं आहे.

रो-ओव्हरला लोक कमी लेखतात. मला तो सगळ्यात अवघड वाटतो. मागून पाव लांबीवर आलेली बोट रोखून धरत शेवटापर्यंत पोचणं, पुढे गाठायला कुणी नसताना, यात कॉक्सची सगळी कसोटी लागते. असा दिवस गेला तर रात्री जेवताना त्याचं कौतुक मोठ्याने करा.

आणि चारही दिवस बम्प झाले, तर ब्लेड्स. शनिवारी परतताना कॉलेजचा झेंडा तुमच्या मागे फडकतो. तो सकाळीच बँक पार्टीतल्या एखाद्या विश्वासू माणसाकडे देऊन ठेवा. झेंडा आधी मागितला तर अपशकुन होतो असं काही जण मानतात. माना हवं तर, पण झेंडा काठावर हवा. पुढे रंगवून मिळणाऱ्या वल्ह्यावर आठ जणांची नावं आणि वजनं लिहिली जातात, आणि कॉक्सचंसुद्धा. नावांचं स्पेलिंग स्वतः तपासा. आपली नावं तिथे हमखास चुकतात.

शनिवारच्या रात्री मेजवानीला जाण्याआधी किंवा फार तर रविवारी सकाळी, पुढच्या कॉक्ससाठी दोन पानं लिहा. कुठल्या जागेवरून निघालात, तिथे काठ कसा होता, साखळी कशी बसली, वारा कुठून होता, कुठल्या झाडाला सुकाणू दाबलंत, शेजारच्या बोटी सुरुवातीला कशा निघाल्या. लेंट बम्प्स आणि मे बम्प्सचे क्रम वेगवेगळे चालतात, म्हणून पानावर ठळक लिहा कुठल्या शर्यतीचं आहे ते, आणि वर्षही. क्लबच्या सामायिक फोल्डरमध्ये टाका, कॅप्टनच्या फोनवर नको. कॅप्टन जूनमध्ये पदवी घेऊन जातो, आणि त्याचा फोन त्याच्याबरोबर जातो.